खोली क्रमांक चारचा उमेदवार

उमेदवाराचे नाव: स्वानंद. वय: चोवीस. कायमचा पत्ता: सेलू, जिल्हा परभणी. सध्याचा पत्ता: हैबतरावांच्या खोल्या, खोली क्रमांक चार, मु. पो. नांदे, तालुका मुळशी. शिक्षण: वाणिज्य पदवीधर. अनुभव: विविध.

‘विविध’ म्हणजे एका कॉल सेंटरने गाशा गुंडाळला, एका ट्रॅव्हल्सवाल्याने त्याच्या जागी स्वतःचा भाचा बसवला आणि बाकीचं सगळं कंत्राटी. त्यामुळे हिंजवडीतल्या एका कंपनीच्या हिशेब विभागाने ‘परमनंट’ असं लिहिलेलं पत्र पाठवलं, तेव्हा स्वानंदने ते आईला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. तळाशी एक अट होती: राहत्या पत्त्यावर पडताळणी समाधानकारक झाल्यास सोमवारी रुजू व्हावे. स्वानंद निर्धास्त होता. पडताळण्यासारखं त्याच्यात काहीच नव्हतं.

पडताळणीवाले गृहस्थ आले तेव्हा तो एका दाखल्यासाठी पौडला गेला होता. दारात भेटल्या त्या घरमालकीण तुळजाबाई. गृहस्थांनी विचारलं, मुलगा कधीपासून राहतो, वागायला कसा आहे, पितो-बितो का. नांद्यात तरण्या मुलाबद्दल हे प्रश्न आजवर एकाच कारणासाठी विचारले गेले आहेत. तुळजाबाईंनी चहा टाकला.

“पोरगं लई गुणी हाय. सुपारीचं खांड तोंडात न्हाई.”

“सध्या नोकरी?”

मुलगा नेमका इथेच नापास होतो, हे सख्ख्या पुतण्याच्या तीन वर्षांच्या अनुभवावरून तुळजाबाईंना ठाऊक होतं.

“हाय की! परमनंट हाय. मोठ्या कंपनीत.”

दुसऱ्या दिवशी कंपनीतून एचआरच्या ऋतिका मॅडमचा फोन आला. “तुम्ही ऑलरेडी दुसरीकडे परमनंट आहात, असा रिपोर्ट आलाय. आमच्याकडे दोन नोकऱ्या चालत नाहीत. आज क्लिअर झालं नाही तर ऑफर रद्द होईल.”

स्वानंद फोन हातात घेऊनच गोठ्याकडे धावला.

“काकू, काल त्या माणसाला काय सांगितलंत?”

“चांगलंच सांगितलं की रं. तुजं लगीन जमतंय म्हटल्यावर वाईट सांगू व्हय?”

“लग्न नाही हो! नोकरीची चौकशी होती!”

“आन् मग पितो का, कशाला इचारतात? कंपनी पोरगी देणार हाय?”

पण स्वानंदचा चेहरा पाहून त्यांनी वैरण खाली ठेवली आणि हात पुसले. “लाव त्या बाईला.”

स्वानंदने फोन लावून स्पीकरवर टाकला.

“ताई, ह्याला कसली आलीया नोकरी! मी रोज बघतीया न्हवं. आज हितं, उद्या तितं. कुणी ठिवूनच घेतलं न्हाई.”

प्रत्येक वाक्याला स्वानंद आनंदाने मान हलवत होता. आपली इतकी बदनामी आपल्याला इतकी गोड लागेल, असं त्याला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

“दुपारपतुर झोपतुया, ते बी सांग,” बाजेवरून हैबतराव म्हणाले.

“तुमी गप बसा. त्ये नगं सांगायला.”

“मग काल तुम्ही खोटं का सांगितलंत?” ऋतिकाने विचारलं.

“मला वाटलं, पोरीकडचं मानूस हाय. आता ताई, सोयरिकीत खरं सांगून कुणाचं लगीन झालंय? तुमचं झालं का?”

स्वानंदने डोळे मिटून घेतले.

“व्हायचंय अजून,” ऋतिका म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. खोकत होती की हसत होती, ते कळेना. “ठीक आहे काकू. लिहून घेते.”

संध्याकाळी मेल आला. ‘प्राप्त माहितीतील विसंगतीचे निराकरण झाले असून, उमेदवार पूर्णतः बेरोजगार असल्याबाबत घरमालकांनी समाधानकारक निर्वाळा दिला आहे. सबब नियुक्ती कायम करण्यात येत आहे.’

सोमवारी स्वानंद कामाला गेला.