सिंधूअक्काच्या निंबाची तारीख

आमच्या खोलीला एकच खिडकी आणि खिडकीबाहेर चिंच. वारा सुटला की टेबलावर पाला येतो. या खात्यातले किस्सेही तसेच येऊन पडतात. झाडून काढा, दुसऱ्या दिवशी तेवढेच!

मी नगरपालिकेच्या उद्यान विभागात क्लार्क आहे. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाचे फोन नकोत. अमळनेरहून धुळ्याला जाताना लागतं, एवढं पुरे. लोकांना वाटतं झाड तोडायला कुऱ्हाड लागते. अहो, अर्ज लागतो! मग पाहणी, मग झाडावर नोटीस, मग सात दिवस हरकतींची वाट बघायची, आणि कोणी बोललंच नाही तर परवानगी. एवढ्या वेळात निम्म्या लोकांचा राग उतरतो, आणि उरलेल्या निम्म्यांचे किस्से होतात.

* * *

आमचे वृक्ष निरीक्षक म्हणजे नाना. निवृत्तीला आलेले, धोतराच्या रंगाच्या मिशा. त्यांची पाहणीची पद्धत जगावेगळी आहे. आधी टेप काढून बुंध्याचा घेर मोजायचा, आणि मग झाडाखाली डोळे मिटून बसायचं. "ताई, दहा मिनिटं सावलीत बसल्याशिवाय झाड कळत नाही," म्हणतात. आम्ही त्याला नानांची समाधी म्हणतो.

एकदा कोचिंग क्लासच्या एका सरांचा अर्ज आला. झाड करंजाचं. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं, "या झाडाच्या सावलीमुळे वर्गातील मुलांना झोप येते."

आम्ही हसून हसून बेजार! नाना मात्र गंभीरपणे पाहणीला गेले. दुपारी बारा वाजता गेलेले, साडेचारला परत आले, गालावर सतरंजीची नक्षी. खुर्चीत बसले आणि शांतपणे अहवाल लिहिला: "तक्रारीत तथ्य आहे."

* * *

आता सिंधूअक्का. तिच्याशिवाय आमच्या खात्याचं बोलणं पुरं होत नाही.

अक्का सत्तरीची, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेली, घरात एकटी. अंगणात भला मोठा कडुनिंब. मुळांनी ओटा उचललेला, मोरीची नळी फोडलेली. तीन वर्षांपूर्वी चैत्रात ती अर्ज घेऊन आली. मी म्हटलं, चला, एकदाचं खरं कारण असलेला अर्ज!

पण अक्काला कारणाशी काही घेणंच नव्हतं. तिचं सगळं लक्ष नोटिशीकडे.

"बाई, ती हरकत कोन लेस?"

"कोणीही घेऊ शकतं, अक्का."

"वरणगावनी बाईबी?"

मी उतारा काढून बघितला. घरावर दोन नावं, अक्काचं आणि मंगल नावाच्या बाईचं. म्हटलं, "उताऱ्यावर नाव आहे म्हणजे त्यांना पत्र जाणारच. रजिस्टर पोस्टाने."

अक्का एकदम खुशीत आली. पत्र तयार होईस्तोवर समोर बसून राहिली. मी सही केली, शिक्का उचलला, तर पुढे झुकून हळूच म्हणते कशी, "शिक्का जरा जोरमा मार, बाई!"

* * *

मंगल म्हणजे तिची एकुलती एक आंडेर. आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात. वरणगावला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खान्देशात सगळ्या लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. मंगलही यायची. वडील गेले त्या वर्षीही आली, आणि झोक्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "आई, घर इक आनि मनासंगे चाल."

अक्का म्हणाली, "मंग निमले कोन पानी घाली?"

शब्दाने शब्द वाढला. मंगल उठली. "मंग निमलेच आंडेर म्हन!" म्हणाली, झोक्याचा दोर सोडला, पिशवीत कोंबला आणि बसस्टँडला निघून गेली. ती काही परत आली नाही. पाच आखाज्या गेल्या, मग हा अर्ज आला.

हे सगळं मला शेजारणीने सांगितलं. अक्काने एक शब्द काढला नव्हता.

* * *

पहिल्या वर्षी नाना पाहणीला गेले, आणि अर्थातच समाधी लागली. उठले तेव्हा अंगावर निंबाचा मोहर पडलेला आणि अक्का शेजारी बसून पंख्याने माशा वारत होती. अहवालात त्यांनी सगळं नीट लिहिलं. झाड निरोगी. मुळांमुळे ओट्यास तडा. उत्तरेकडील फांदीवर दोराचा जुना वण.

नोटीस डकवली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेळीने ती खाल्ली! नियम असा, की नोटीस गेली तर दुसरी लावायची आणि सात दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. दुसरा कोणी असता तर त्याने ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. मी घाबरत घाबरत अक्काला सांगायला गेले.

"मंग आते परत सात दिन?" तिने विचारलं.

"हो अक्का, माफ करा."

आठवड्याने मी गेले तेव्हा शेळी अक्काच्या ओट्यावर बसली होती, समोर ज्वारीच्या कण्या आणि गुळाचा खडा. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, "गुणी शे बिचारी."

* * *

हरकत आली नाही. अक्का रोज दुपारी यायची, दारातूनच विचारायची, "कोन्हीच नही?" मी आनंदाने सांगायची, "कोणीच नाही अक्का, परवानगी पक्की!" आणि ती पाणीसुद्धा न पिता परत फिरायची. काय बावळट मी!

परवानगी निघाली. झाडं उतरवण्याचं काम युसुफभाईंकडे असतं, जाडजूड, भला माणूस. ते करवत घेऊन गेले. अक्का म्हणाली, "भाऊ, आज सोमवार शे, आज नको. पन उनात ते जेवाले बसा." मंगळवारी फांदीवर कावळ्याचं घरटं निघालं, बुधवारी अक्काचा गुडघा दुखत होता. रोज मात्र ताट वाढलेलं. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, वर ताक, आणि जेवण झालं की निंबाखाली खाट.

पंधरा दिवसांनी युसुफभाई ऑफिसात आले ते करवत खांद्यावर टाकून. म्हणाले, "ताई, परवानगीची मुदत संपली. झाड तर उतरलं नाही, माझा पट्टा एक भोक पुढे सरकला!"

* * *

दुसऱ्या वर्षी चैत्रात पुन्हा अर्ज. तेच झाड, तेच कारण, तेच रजिस्टर पत्र. पुन्हा हरकत नाही, पुन्हा परवानगी, पुन्हा युसुफभाईंना भरीत. तिसऱ्या वर्षीही तेच. ऑफिसात पैजा लागायच्या, अक्काचा अर्ज आधी येतो की चिंचेला पालवी!

तिसऱ्या वर्षी नानांबरोबर मीही गेले. नानांनी घेर मोजला आणि म्हणाले, "अक्का, दोन बोटं वाढला बरं का तुमचा निंब."

अक्काने बुंध्यावर हात ठेवला. "वाढना ना? चला, घरमा एक जन ते वाढी ऱ्हायना."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, तीन वर्षांनी! मी तिला बाजूला घेतलं. "अक्का, तुमच्याकडे मोबाइल आहे, मंगलताईंचा नंबर आहे. एक फोन करा ना! नाहीतर मी लावून देते."

"नही," अक्का म्हणाली. "मी फोन कया म्हंजे मी हारनी."

"आणि पत्र?"

"पत्र ते तुन्ही धाडं. सरकारनं शे."

नाना डोळे मिटून बसलेले होते. मला वाटलं समाधी लागली. तर मिटल्या डोळ्यांनीच बोलले, "ताई, पुढच्या वर्षी शिक्का दोनदा मारा."

* * *

मारला! यंदा मी दोनदा मारला.

सहाव्या दिवशी पोस्टमन एक पाकीट टाकून गेला. वरणगावचा शिक्का. मी ते फोडलं आणि खुर्चीतून उभीच राहिले. आत वहीचा एक कागद, निळ्या शाईत तीन ओळी. "सदर झाडाच्या उत्तरेकडील फांदीवर दोराचा वण आहे. तो माझा आहे. सबब झाड तोडण्यास माझी सक्त हरकत आहे."

दुपारी अक्का दारात आली. "कोन्हीच नही?"

मी म्हटलं, "आली, अक्का. हरकत आली."

तिने कागद हातात घेतला. चष्मा आणला नव्हता, वाचता काही येईना, नुसती त्या निळ्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने पाणी मागितलं. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या माठातलं पाणी प्यायली.

हरकत आली की सुनावणी आलीच, आणि दोन्ही पक्षांनी जागेवर हजर राहायचं. तारीख नानांनी घातली. मी कॅलेंडर बघून म्हटलं, "अहो नाना, ही तर आखाजी! ऑफिसला सुट्टी आहे."

"ऑफिसला आहे," नाना म्हणाले. "झाडाला कुठे आहे?"

* * *

तर आखाजीच्या दिवशी सकाळी आम्ही अक्काच्या अंगणात. नाना, मी आणि बोलावलं नसताना आलेले युसुफभाई, करवत न घेता. शेळीही होती. निंबाची सावली अंगणभर हलत होती आणि आतून मांड्यांचा वास येत होता. अक्का इस्त्रीचं लुगडं नेसून ओट्याच्या तड्यावर बसलेली, नजर फाटकाकडे.

साडेदहाच्या बसने मंगल आली. कानशिलं पांढरी झालेली. फाटकात उभी राहिली, आईकडे बघितलं नाही, आधी उत्तरेच्या फांदीकडे बघितलं. मग हातातली पिशवी उघडून आतून दोर काढला. जुनाच.

युसुफभाई पुढे झाले, दोर घेतला आणि जन्मात पहिल्यांदा एखाद्या झाडावर काही बांधायला चढले. दोर बरोबर त्या वणात बसला.

नानांनी घसा साफ केला. शेवटी सुनावणी होती ती! "हरकतदार, तुमचं म्हणणं?"

मंगल झोक्यावर बसली होती. "कागदमा लिखेल शे ना," म्हणाली आणि रडायलाच लागली.

नाना अक्काकडे वळले. "अर्जदार, तुमचं काय म्हणणं? अर्ज मागे घेता का?"

अक्का उठली, झोक्याच्या मागे जाऊन उभी राहिली. लेकीच्या पाठीवर हात ठेवला, हलकेच एक झोका दिला आणि वळून नानांना म्हणाली,

"मांगे कसाले? पुढनी तारीख दे."

नानांनी पेन उघडलं. "कधीची देऊ?"

"पुढना वरीसनी आखाजीनी."