वर आलेली मळी

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पिरंगुटच्या पुढे एका लहानशा फाउंड्रीत मी 'डेव्हलपमेंट इंजिनिअर' होतो, म्हणजे खुर्चीवर बसून चहा मिळणारा एकमेव कामगार. अजून कायम झालो नव्हतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडची पूड मिसळली की वजनाला हलका आणि ताकदीला भारी धातू तयार, हे मी लातूरहून शिकून आलो होतो. पुस्तकात तो दीड पानात तयार होत असे.

भट्टीवर कोळवणचे एक मामा होते. वीस वर्षं धातू वितळवत होते, तेव्हा त्यांना त्यातलं काही कळत नसणार हे मी धरूनच चाललो होतो. पुडीत बोट घालून ते म्हणाले, "ही तर धारंच्या दगडाची पूड हाय. धातूत कशापायी घालताय, साहेब?" मी त्यांना अर्धा तास ज्ञान पाजलं. त्यांनी ते ऐकूनही घेतलं.

पहिल्या दिवशी धातू वितळला, मी पूड ओतली, ढवळायचं यंत्र लावलं आणि महत्त्वाचा माणूस असल्यामुळे फोन घ्यायला ऑफिसात गेलो. मामांनी भट्टीची रीत पाळली. साच्यात ओतायच्या आधी धातूवर तरंगणारा कचरा, म्हणजे मळी, झाऱ्याने काढून टाकली. नमुना कापला तर आत निव्वळ अ‍ॅल्युमिनियम. माझी पूड बाहेर राखेच्या ढिगात पडली होती.

"मळी लई आली व्हती. काढली," मामा म्हणाले.

मी मालकांपुढे आगपाखड केली. अडाण्याच्या हाती संशोधन दिल्यावर दुसरं काय होणार, वगैरे. मालकांनी मामांना भट्टीवरून उठवून कास्टिंग घासायला बसवलं. आचाऱ्याला भांडी घासायला बसवावं तसं.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर मी स्वतः उभा राहिलो. झारा लांब ठेवला, पूड घातली, ढवळली. ती सगळीच्या सगळी वर येऊन निवांत पसरली. म्हणजे मामांनी काढली ती मळीच होती. पूड धातूत शिरलीच नव्हती.

ग्राइंडर बंद करून मामा जवळ आले. "पूड भाजली व्हती का?"

"भाजायची?"

"कच्चा रवा आधणात टाकला तर गुठळ्याच व्हत्यात की. हितली हवा दमट, पूड वल्ली आसंल."

'पूड आधी तापवून घ्यावी' हे वाक्य माझ्या दीड पानातही होतं. मी ते गाळून वाचलं होतं.

तिसऱ्या दिवशी पूड कडकडीत तापवली, चिमूट चिमूट सोडली. नमुना कापताना आत शिरलेल्या पुडीने करवतीचं पातं बोथट झालं. पातं गेल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मालक खूश झाले. मला कायम केल्याचं पत्र टाइप करून आणलं आणि सहज विचारलं, "मग आधी चुकलं कुठं?"

मामा शेजारीच उभे होते. मी एक वाक्य बोललो असतो तर ते भट्टीवर परत गेले असते.

"टेक्निकल इश्यू होता, सर."

मालकांनी मामांकडे पाहिलं. "व्हय," मामा म्हणाले, "टेक्निकलच व्हता." आणि ते पुन्हा घासायला जाऊन बसले.

मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पत्र मात्र मी दोन्ही हातांनी घेतलं.