उरलेली पंधरा इंजेक्शनं

रेहानाभाभींचा फोन आला तेव्हा मी अंगणात चहा घेत बसलो होतो. "भाऊजी, लगीच या. ह्यास्नी श्वासच घेता येईना झालाय…" एवढंच बोलून फोन बंद झाला. आमच्या उचगावात माझ्या घरापासून दस्तगीरचं गाद्यांचं दुकान तीन गल्ल्या पलीकडं, आणि दुकानामागंच घर. सवयीनं खिशात कापसाचा बोळा टाकला आणि धावतच गेलो. दस्तगीर त्यानं स्वतः भरलेल्या गादीवर आडवा होता, वॉकर भिंतीला टेकवलेला, आणि भाभी त्याचे तळपाय चोळत होत्या. मी मनगट हातात घेतलं. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं कंपाउंडर म्हणून काढलेली… मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

त्याला आता सात आठवडे झाले. दस्तगीर माझा शाळेपासूनचा दोस्त, जातीचा पिंजारी. आमच्या घरातली एकही गादी दुसऱ्या कुणी भरलेली नाही. दर दोन वर्षांनी तो माझी गादी उसवायचा, कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरून दाभणानं टाके घालायचा. एकदा मी म्हटलं, नवीच घेतो आता. तर उखडला. "मर्दा, कापूस मेला न्हाय, नुस्ता दबलाय. उठीवतो बघ त्याला!" दवाखान्यात मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून तो मला चारचौघांत 'डाक्टर' म्हणायचा. चेष्टाच ती, पण खरं सांगतो, ती मला आवडायची. गल्लीतली म्हातारी माणसं माझ्याकडून सुई टोचून घ्यायची आणि मीही हळूहळू स्वतःला डॉक्टर समजायला लागलो होतो.

माळ्यावरचं गाठोडं काढताना दस्तगीर स्टुलावरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण असा माणूस पडून राहिला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर सगळं संपतं. म्हणून घरी सोडताना डॉक्टरांनी चार आठवडे रोज एक इंजेक्शन लिहून दिलं, पोटाच्या कातडीखाली घ्यायचं. घरी सोडायच्या दिवशी एक तरुण सिस्टर भाभींना ते समजावून सांगायला आली. खोकं उघडून तिनं एक सिरिंज हातात घेतली. "हे आधीच भरलेलं असतं. यात हा जो बुडबुडा दिसतो ना, तो…" मी मध्येच बोललो, "सिस्टर, मी छत्तीस वर्षं कंपाउंडर होतो." दस्तगीर खाटेवरून म्हणाला, "आमचा डाक्टर हाय त्यो!" ती हसली. हातातला कागद घडी करून खोक्यात ठेवत म्हणाली, "तरी एकदा वाचा हं काका." मी मान डोलावली, आणि तो कागद काही वाचला नाही.

रोज सकाळी दहाला मी जायचो. "आज डावी का उजवी?" असं म्हणत तो स्वतःच सदरा वर करायचा. सिरिंजमध्ये बुडबुडा दिसला की माझा अंगठा आपोआप दट्ट्यावर जायचा. सुईच्या टोकावर थेंब आला की माझं समाधान. टोचून झालं की बोळा दाबून ती जागा खसाखसा चोळायचो. कमरेतल्या इंजेक्शनांना आम्ही हेच करत आलो होतो, न चोळलं तर गाठ होते म्हणून. आठवड्याभरात त्याच्या पोटावर काळेनिळे डाग पसरले. "मर्दा, ह्ये पोट हाय का नकाशा?" तो हसायचा. भाभी हसत नव्हत्या. तेराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, दवाखान्यात फोन करून इचारू का?" मी म्हणालो, "कशाला? मी हाय की. चार दिवस थांबवू, कातडी सुधारू दे." त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. "डाक्टर म्हणतोय म्हंजे झालं," दस्तगीर म्हणाला. इंजेक्शन थांबवल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं पोटरी ताठल्याची तक्रार केली. मी म्हणालो, चालायला लागलास की, भरून येणारच. पाचव्या दिवशी सकाळी भाभींचा तो फोन आला.

चाळिसावा झाल्यावर भाभी स्वतः ते खोकं घेऊन माझ्या घरी आल्या. "पंधरा ऱ्हायल्यात. कुणा गरिबाच्या उपेगी पडतील, भाऊजी." त्या गेल्यावर मी तो कागद उघडला. मराठीत, चित्रांसकट. बुडबुडा काढू नका, औषध वाया जातं. टोचल्यावर जागा चोळू नका, रक्त साकळतं. थोडे डाग पडतात. जास्त वाटले तर फोन करा. पाय सुजला, दुखला किंवा धाप लागली तर तात्काळ या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन बंद करू नका. खाली दवाखान्याचा नंबर, त्याभोवती पेनानं केलेला गोल… तो त्या सिस्टरनंच केला असणार. त्या पंधरातली चार इंजेक्शनं त्याच्या अंगात असायला हवी होती. मी जाऊन सर्जनना भेटलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वेळेवर घेऊनही कधीकधी गुठळी होते, काका. पण…" तेव्हापासून मी त्या 'पण'च्या पुढं सरकलेलो नाही.

भाभींना सांगायला दोनदा गेलो. पहिल्यांदा घरात पाहुणे होते. दुसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं तुमी केलं. रोज येत हुता." मी चहा पिऊन परत आलो. इतका भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

म्हणून हे लिहितोय. भाभींची सून रविवारची पुरवणी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. भाभी, तुम्ही फोन करू का म्हणून विचारलं होतं. तुमचं बरोबर होतं.

माझी गादी यंदा पिंजायची होती. मधोमध खड्डा पडलाय, पाठ धरते. गावात दुसरा पिंजारी आहे, पण त्याच्याकडं टाकायला हात धजत नाही. दस्तगीरचे टाके उसवावे लागतील. आणि तसाही मी आता त्याच खड्ड्यात झोपतो.