साडभाऊनं उघडलेली पत्रिका

साऱ्या सौंसर-पांढुर्ण्यात लग्नाची पत्रिका आमच्या साडभाऊइतकी मनावर घेनारा मानूस झाला नाई. साडभाऊ म्हंजे माह्या बायकोच्या बहिनीचा नवरा. सौंसरले बांधकामाचा विमा करनाऱ्या कंपनीत नोकरीले. मी पांढुर्ण्याचा मिस्त्री, अन् माही भिंत कवा कोनीकडं झुकंल हे मलेच ठाऊक नसते, म्हनून असं सोयरं जवळ असलेलं बरं. पत्रिका आली का साडभाऊ पायातली चप्पल काढत, मंग उघडत, अन् पार खालच्या भाच्या-पुतण्याइच्या नावापर्यंत मोठ्यानं वाचत. वळख असो नसो, लग्नाले जात. रामाकोना गावातल्या एका लग्नात जेवले, आहेर देल्ला, वरातीत नाचले; घरी आल्यावर कळलं का बोलावनं शेजारच्याले होतं. म्हने, "त्यात काय झालं? पोरगी कोनाची तरी होतीच ना!"

आता पत्रिका फोनात अन् कंप्युटरात येतात. साडभाऊ हापिसातही चप्पल काढूनच उघडत. एक दिवस अशीच आली. उघडली, तं आत ना नवरा ना नवरी. कोन्या सोयऱ्याचा अपमान नको, म्हनून त्याइनं थे पत्रिका नागपूरच्या मोठ्या हापिसात साऱ्याइले धाडली, "पाहा बरं, तुमच्यातल्या कोनाच्या घरचं कार्य हाय?" साऱ्याइनं उघडली. दुपारपर्यंत कंपनीचे सारे कंप्युटर ठप्प, अन् पडद्यावर चिठ्ठी, का पैसे टाका तं सोडतो.

खंडनीचं कानावर आलं तसा मी सौंसरले धावत गेलो. साडभाऊ अनवानीच बसले होते.

"कोनाले पळवलं?" म्या इचारलं.

"कंप्युटरले कुलूप लावलं बाप्पा. खंडनी मांगून राहिले."

म्या कंप्युटर मागून पाहला, खालून पाहला. कुलूप कुठंच नाई. म्हनलं, "छन्नी-हातोडा आनू का?" मॅनेजरनं मले बाहेर बसवलं. मी खिडकीतून बोललो, "साऱ्या गावाच्या भिंतीचा विमा करता, कंपनीनं आपला नाई केला का?"

"केला ना," साडभाऊ म्हने, "त्याचे कागद त्या कुलपातल्या कंप्युटरातच हायेत."

मले अजूनही समजलं नाई का पळवलं काय अन् नेलं कुठं. कंपनी कशीबशी सुरू झाली, साडभाऊची नोकरीही वाचली. पन त्या दिवसापासून त्याइनं एक पत्रिका उघडली नाई, एका मांडवात गेले नाई.

अन् आता माह्या पोरीचं लग्न. बायको म्हने, "भाऊजी आले नाई तं मी मांडवात पाय ठेवनार नाई." म्या लय डोकं चालवलं अन् पत्रिका त्याइच्या फोनवर टाकली. जवाब नाई. बायकोनं कपाळ बडवलं, "बह्याडासारखं काऊन करता? फोनवर टाकाची होती का त्याइले?"

मंग हळद-कुंकू लावलेली कागदाची पत्रिका घेऊन सौंसरले गेलो. साडभाऊनं दुरूनच पाहली.

"आत नाव हाय ना?"

"हाय."

"तं तूच उघड."

मी कवा शाळेत गेलो! उघडली, तोंडासमोर धरली, अन् वाचल्यासारखा ओठ हालवून राहिलो.

"उलटी धरली बे," साडभाऊ म्हने, अन् हातातून घेतली. सरळ केली. हळूच चप्पल काढली. पोरीचं नाव वाचलं, जावयाचं वाचलं, मोठ्यानं, पहिल्यासारखं. खाली स्वागत करनाऱ्याइत सोताचंच नाव आलं, अन् तिथंच थांबले. त्या नावावर बोट ठेवलं, थे काढंच ना. मले वाटलं, आता याइलेही कुलूप लागलं का काय.