नालांचे जोडे आणि नवे जावई

“जावईबापू, पाय उचलू नका!” आमचे मुकादम रामजीमामा असे ओरडले, की तिकडे कात्रजच्या तळ्यात लाट उठली असावी.

पेशव्यांच्या दारूखान्यात तोफेच्या दारूचं पोतं फुटलं होतं. मामांना जेवायला बोलवायला आलेले त्यांचे नवे जावई नेमके त्या काळ्या भुकटीत उभे, आणि पायांत लोखंडी नालांचे करकरीत जोडे! फरशीवर एक ठिणगी उडाली असती, तर आम्ही सगळे न चालता जेजुरीला पोचलो असतो.

आम्ही अनवाणी चौघांनी जावयांना अलगद उचलून बाहेर नेलं. मग भुकटीवर पाणी शिंपडून ती लाकडी फावड्यानं भरली. तोवर मामांनी श्वास घेतला नव्हता, शपथेवर सांगतो.

आज नातवानं दिवाळीचा नळा पेटवला आणि तोच गंधकाचा वास आला. मामा जाऊन वर्षं लोटली. तेव्हा त्यांच्या ओरडण्यानं कान किटायचे. आता ते एकदा ऐकायला मिळालं, तर मी पुन्हा त्या भुकटीत उभा राहीन.

त्या दिवशी बाहेर आल्यावर जावई रुसून म्हणाले, “चारचौघांत पोत्यासारखं उचललंत मला!”

मामांनी घाम पुसला. “सबंध उचललं ना?”