मला रजा होती

सिंगापुरात आगगाडी नाही. एमआरटी म्हणजे मेट्रो आहे, झकास आहे, पण कुठूनही बसा, तासाभरात देश संपतो. बारा वर्षं मी हौगांगहून क्वीन्सटाउनला ऑफिसात जाते. चढताना जे उंच फ्लॅट दिसतात तेच उतरतानाही दिसतात. त्यामुळे असेल, पण मला खूळ लागलं ते ब्रिटनच्या आगगाड्यांचं. पाठीवर एक सॅक, पंधरा दिवसांचा रेल्वेचा पास, आणि एकटीनं सगळा देश हिंडायचा. लंडनहून यॉर्क, यॉर्कहून एडिंबरा, एडिंबराच्या आधी समुद्र दिसतो म्हणून उजवीकडची खिडकी. मग वर इन्व्हर्नेस, तिथून डोंगरातून जाणारी दोन डब्यांची गाडी, पुढे बोट, पुन्हा गाडी, ग्लासगो, आणि उतरत उतरत पार खाली पेन्झन्स, जिथे रूळच संपतात. दोन वर्षं माझे शनिवार-रविवार वेळापत्रकं वाचण्यात गेले. लोक सिरीयल बघतात, मी गाड्यांच्या वेळा बघायचे आणि एकटीच हसायचे.

घरी मात्र सांगितलं नव्हतं. मी चव्वेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली बाई. माझी रजा म्हणजे आमच्याकडे घरातल्या मोठ्या पातेल्यासारखी, ज्याला लागेल त्यानं न्यावी. भाच्याची मुंज, बाबांचा मोतीबिंदू, दर वर्षी गौरी-गणपती. कुणी मागितली म्हणून दिली असंही नाही, मीच आपली देत गेले, आणि मग मनातल्या मनात धुसफुसत राहिले. यंदा जूनमध्येच आईनं फोनवर विचारलं, "गणपतीला किती दिवस येतेयस?"

मी म्हणाले, "आई, यंदा रजा नाही गं. प्रोजेक्ट आहे मोठा. दिवाळीला नक्की."

"बरं बाई," आई म्हणाली, "नोकरी आधी."

माझी पंधरा दिवसांची रजा तेव्हा मंजूर झाली होती. नेमकी गणपतीतली. खरं सांगायला काय झालं होतं मला? पण 'आईबापांना सोडून ही चालली भटकायला' असं कुणीतरी म्हणेल, या भीतीनं माझी दातखीळ बसली. कोण म्हणेल ते मात्र मी कधी ठरवलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये व्हिसासाठी पासपोर्ट जमा केला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं होतं, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा असेल तर वेगळा फॉर्म आहे, भरणार का? मी म्हटलं, कशाला, मला मध्येच कुठे जायचंय! ते वाक्य नंतर इतक्या वेळा आठवलं की मला माझ्याच आवाजाची शिसारी आली.

त्यानंतरच्या आठवड्यात आई फोनवर येईनाशी झाली. सोमवारी दादा म्हणाला, ती देवळात गेलीय. मंगळवारी न्हायला गेली होती. बुधवारी शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू. श्रावण होता, त्यामुळे मला ते पटलंही. आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. आई व्हिडिओ कॉलवर आली की माझ्या तोंडाकडे टक लावून बघते, आणि मला भीती होती की तिला माझ्या कपाळावर ब्रिटन लिहिलेलं दिसेल. मी म्हणायचे, राहू दे, उद्या बोलते.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात कॉफी घेत होते. दादाचा फोन. तो या वेळी कधी करत नाही.

"बसलीयस का कुठे?" तो म्हणाला. "आईला गेल्या शुक्रवारी ॲडमिट केलंय. आतड्याचं ऑपरेशन झालं. आता जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या."

"शुक्रवारी? आज गुरुवार आहे दादा!"

"अगं, तिनंच शपथ घातली होती." त्याचा आवाज चिरकला. "तुला रजा मिळेल का? बघ ना जरा. हात जोड त्यांना."

मी म्हणाले, "मिळवते." आणि मग, कुठून सुचलं देव जाणे, "पण दादा, माझा पासपोर्ट आमच्या ऑफिसात अडकलाय. पास रिन्यू करायला दिलाय."

इथे आमचा राहण्याचा परवाना म्हणजे पास, त्यामुळे दादाला ते चटकन पटलं. त्यानं माझ्या कंपनीला एक सणसणीत शिवी दिली. मी ऐकून घेतली. ज्या कंपनीला शिवी बसली, तिथल्या माझ्या मॅनेजरबाईंनी दोन मिनिटांत मला सांगितलं, लॅपटॉप ठेव, नीघ, कामाचं बोलूच नकोस. पासपोर्टचं कळल्यावर त्यांनी स्वतः बसून विनंतीचं पत्रही टाइप करून दिलं. चिनी बाई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

व्हिसाच्या केंद्रात टोकन घेऊन बसले. नंबर आला तेव्हा सगळं एका दमात सांगितलं. काउंटरमागच्या बाई वयस्क होत्या, शांतपणे ऐकत होत्या. पासपोर्ट इथे नाही, पुढे गेलाय, म्हणाल्या. अर्ज मागे घेतला की परत येईल, पण तीन-चार कामाचे दिवस लागतील.

"माझी आई मरतेय," मी म्हणाले.

"आय नो, सिस्टर. बट कॅनॉट लाह. रिअली कॅनॉट," त्या इथल्या इंग्रजीत म्हणाल्या.

मी तिथे उभी राहून ओरडले. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, आणि शेवटी चक्क मराठीत, "अहो, एक पुस्तक आणायला चार दिवस लागतात होय? माझं आहे ते! माझं!" सगळे माझ्याकडे बघत होते. बाईंनी काचेखालून टिश्यूचं पाकीट सरकवलं आणि अर्ज मागे घेण्याचा फॉर्म भरायला मदत केली. कारणाच्या रकान्यात मी काय लिहिलं ते आठवत नाही.

शुक्रवारी आपल्या वकिलातीत प्रवासाच्या तात्पुरत्या कागदासाठी खेपा घातल्या. त्या कागदालाही चार कागद लागतात, आणि त्यातला एक पुन्हा त्या व्हिसावाल्यांकडूनच यायचा होता. संध्याकाळी सगळीकडची दारं बंद झाली. पुढे शनिवार-रविवार. पाच-साडेपाच तासांच्या विमानाच्या अंतरावर आई, हातात नुसतं तिकीट काढायचं ॲप, आणि मी या चिमूटभर बेटावर कोंडलेली. मी विमानतळावर जाऊनही आले. का, ते विचारू नका. पासपोर्टशिवाय कुणी सोडणार नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तरी गेले, पाट्यांवर मुंबईच्या विमानाची वेळ वाचली, आणि परत आले.

या सगळ्यात दादाचे फोन चालूच. "काय म्हणतायत तुझे ऑफिसवाले?" दर वेळी मी नवं काहीतरी जोडायचे. एचआरची बाई सुट्टीवर आहे. सोमवारी देतील. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं. सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण तो आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेला, चार दिवस अंगावरचे कपडे न बदललेला माणूस. त्याला काय सांगू? की मी गाड्या बघायला निघाले होते म्हणून येऊ शकत नाही?

शनिवारी दुपारी त्यानं फोन आईच्या कानाला लावला. "बोल," म्हणाला, "तिला ऐकू येतं. बोलता येत नाही, नळी आहे." मी फ्लॅटच्या खाली बाकावर बसले होते. मला तिला खरं सांगायचं होतं. तिला एकटीलाच. पण फोन दादाच्या हातात होता, आणि स्पीकर चालू होता.

"आई," मी म्हणाले, "मी येतेय गं. येतेच आहे."

पलीकडे यंत्राची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग दादा म्हणाला, डोळे उघडले तिनं, आणि फोन ठेवला.

रविवारी अकरा वाजता ती गेली.

दादानं विचारलं, "थांबू का तुझ्यासाठी? बर्फात ठेवता येईल. सांग, कधी पोचशील?" मला दिवस सांगता येईना. सोमवार म्हणू, मंगळवार म्हणू, का बुधवार? बाबा त्याच्या शेजारी उभे होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता. ऐंशीच्या माणसाला किती दिवस तसं बसवायचं?

"नको थांबूस," मी म्हणाले. "करून घ्या."

एवढं मी बोलले आणि मग हौगांगच्या त्या भाड्याच्या खोलीत फरशीवर बसून मोठ्यानं रडले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटले.

मंगळवारी पासपोर्ट आला. बुधवारी मी चिंचवडच्या घरी होते.

दिवसांच्या घरात माणसं येतात, बसतात, चहा घेत नाहीत, जाताना डोक्यावरून हात फिरवतात. येणारा प्रत्येक जण मला बघून म्हणायचा, "बाहेरच्या नोकऱ्या मेल्या अशाच. आईला शेवटचं बघूसुद्धा दिलं नाही पोरीला." मावशी तर माझ्या कंपनीला तळतळाट देऊन रडली. मी मान खाली घालून बसायचे. लोकांना वाटायचं दुःखानं. दुःख होतंच की. पण मान त्यानं खाली नव्हती.

दहावा झाला त्या दुपारी दादा गुरुजींना सोडायला गेला होता. बाबा आईच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरत होते, न फोडलेली औषधवाल्याला परत करायला. मी समोर बसले.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," बाबा मध्येच म्हणाले. "ॲडमिट केलं त्या दिवशीच दादा तुला फोन लावत होता. तिनंच हात धरला त्याचा. म्हणाली, तिला रजा नाहीये, उगाच जीव टांगणीला लागेल तिचा. दिवाळीला येणारच आहे, तोवर मी खडखडीत होते. शुद्धीत असेपर्यंत हेच, तिला रजा नाही, तिला रजा नाही."

हे ते मला धीर द्यायला सांगत होते.

"बाबा, मला रजा होती," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. पंधरा दिवस, ब्रिटन, गाड्या, व्हिसा, तो न भरलेला फॉर्म, ऑफिसात पासपोर्ट अडकल्याची थाप. शुक्रवारी कळवलं असतं, तर पासपोर्ट परत येऊन मी बुधवार-गुरुवारी पोचले असते. ती बोलत असताना. मला रजा नाही म्हणून तिनं कळवू दिलं नाही, बाबा.

बाबांनी गोळ्यांचं पाकीट हातात तसंच धरून ठेवलं. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एकटीच जाणार होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आगगाडीनं?"

"हो."

"सांगायचं होतंस गं," ते म्हणाले. "ती कशाला अडवतेय? चिवडा करून पाठवला असता तिनं. चार बायकांना सांगत फिरली असती."

मला हुंदका आवरेना. त्यांनी पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"दादाला यातलं काही बोलू नकोस," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तिचं ऐकून फोन केला नाही, हे त्याला आधीच खातंय. हे कळलं तर तो कायमचा..."

तेवढ्यात दार वाजलं. दादा आत आला, चपला काढल्या, घाम पुसत खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, "मग शेवटी रजा तरी किती दिली गं त्या नालायकांनी?"

मी बाबांकडे बघितलं.

"पंधरा दिवस," बाबा म्हणाले. "कशीबशी दिलीय."