काळी एकचा महिपती

महिपतीच्या नाकावर माशी बसलेली पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये कुणी पाहिली नव्हती. भाताची लावणी असो नाहीतर म्हशीचं बाळंतपण, दुसऱ्याचं काम त्याला पटायचं नाही. सगळ्यांत जास्त जपायचा तो आपली बाजाची पेटी. एकोणसत्तराव्या वर्षीही ती तो स्वतः डोक्यावरून देवळापर्यंत न्यायचा. कुणी हात लावायला पुढे आलं तर म्हणायचा, "तुजा हात नांगराचा हाय, ऱ्हाऊ दे." स्वतःचा हातही नांगराचाच, हे तो सोयीने विसरायचा.

वाडीत चैत्रात देवीची जत्रा भरते आणि मुंबईकर झाडून सगळे गावी येतात. जत्रेच्या तिसऱ्या दिवशी नाटक. नाटकही दरवर्षी एकच, 'संगीत घाटवाट'. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली गावातल्या शाळेच्या श्रीपत गुरुजींनी ते लिहिलं. घाटाचा रस्ता खोदायला गेलेला राघू परत येत नाही आणि त्याची बायको चंद्रा वाट बघत राहते, एवढीच गोष्ट. पदं मात्र बत्तीस. नाटक सुरू झालं की पहाट व्हायची आणि निम्मी पोरं आईच्या मांडीवर झोपून जायची. तरी एक ओळ कमी करायची कुणाची छाती नव्हती. बाप गेला की त्याची भूमिका मुलाकडे यायची, शेतासारखी.

चंद्रा व्हायचा चांगू. बाईने रंगमंचावर उभं राहायची तेव्हा गावात सोय नव्हती. चांगूने तीस वर्षं लुगडं नेसून चंद्रा केली, पुढे त्याच्या मुलाने. आणि पेटीवर पहिल्या प्रयोगापासून महिपती. पडदा उघडण्याआधी पेटीवाल्याने उभं राहून नावं सांगायची, हीही रीत त्याचीच. "पदं आनि चाली श्रीपत गुरुजींच्या," एवढं म्हणून तो खाली बसायचा आणि सूर धरायचा. गुरुजी गेल्यावरही वाक्य तेच राहिलं.

मग करोनाची दोन वर्षं जत्रा झाली नाही. त्यानंतरही नाटक उभं राहीना. चांगूचा मुलगा मुंबईला स्थायिक झाला, म्हातारे गळाले. आणि यंदा अचानक चांगूची नात प्रियदर्शिनी आली. मुंबईत नाटक शिकलेली, हातात गुरुजींची वही. नाटक करायचं म्हणाली, पण नव्याने. बत्तीसपैकी अकरा पदं राहतील, विनोदी मुकादमाचं पात्र जाईल, प्रयोग दोन तासांचा आणि संध्याकाळी पाचला, म्हणजे पोराबाळांना, म्हाताऱ्यांना अख्खं बघता येईल. आणि चंद्रा बाईच करील.

गावात खळबळ उडाली. शेवटी देवीला कौल लावला. उजवं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार, आणि वाद मिटला. देवीलाही कधी अख्खं नाटक बघायला मिळालं नसावं.

चंद्रा करायला बिरवाडीहून सेजल आली. मूळची याच वाडीची, औद्योगिक वसाहतीत कामाला, तिथेच खोली घेऊन राहणारी. पहिल्या तालमीला महिपतीने पेटी उघडली, गळा साफ केला आणि चंद्राचं मोठं पद वाजवायला घेतलं, 'वाट वळली घाटात, जीव तिच्या मागं गेला'. सेजलने तोंड उघडलं आणि आवाज विहिरीत पडला. खाली तिला सूर लागेना, वर घेतला तर किंचाळावं लागे.

कारण साधं होतं. महिपती ते पद काळी एकमध्ये वाजवत होता. पेटीची पहिली काळी पट्टी सा धरली की पुरुषाचा गळा आरामात फिरतो, बाईचा फिरत नाही. प्रियदर्शिनीने अदबीने विचारलं, "आबा, पांढरी पाचमध्ये घेता येईल का?"

"गुरुजींनी काळी एक ठरवलीय. पद तिथंच हाय," महिपती म्हणाला आणि भाता बंद केला.

त्याने सांगितलं नाही ते असं, की दुसरीकडे त्याला येतच नव्हतं. तो स्वरलिपी शिकलेला नव्हता. गाणी त्याच्या डोक्यात नव्हती, बोटांत होती, आणि बोटांना एकच वाट ठाऊक होती. तिथे बसलेल्या वाडीतल्याच सुनीलकडे कीबोर्ड होता. त्याने एक बटण दाबलं आणि तेच पद वरच्या पट्टीत वाजलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते महिपतीने पाहिलं. सेहेचाळीस वर्षांची पेटी एका बटणाने जायची वेळ आली होती. प्रियदर्शिनी म्हणाली, आठ दिवस आहेत, आबा, बघा जमतंय का, नाहीतर सुनील आहेच. तिच्या बोलण्यात मान होता, म्हणून ते जास्त लागलं.

घरी तो माजघरात बसून दोन दिवस झगडला. चार सूर नीट जायचे आणि पाचव्याला बोटं खाली घसरून जुन्या जागी बसायची. बायको तुळजाबाई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "म्हस पन नव्या गोठ्यात चार दिसांनी रुळते की." एरवी तो चिडला असता. त्या दिवशी त्याला नुसती लाज वाटली. आपल्याला पेटी येते असं जन्मभर गाव म्हणत आलं आणि आपल्याला फक्त एक नाटक येतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने शेवटचा उपाय काढला. गुरुजींच्या मागे त्यांची बायको येसूबाई होती. ऐंशी पार केलेली, कानाने मंद. नाटक तिच्या नवऱ्याचं. तिने एकदा सांगितलं की पट्टी बदलायची नाही, तर पोरीला ऐकावंच लागलं असतं. महिपती तिच्या अंगणात गेला. ती पाट्यापुढे बसून दगडाने चिंचा फोडत होती. त्याने मोठ्याने सगळी तक्रार सांगितली. वैनी, गुरुजींचं पद ती पोरगी वर ओढतेय, तुमी सांगा तिला.

येसूबाईने दोन चिंचोके बाजूला केले. "कंचं पद रे?"

त्याने नाव सांगितलं. ती थोडा वेळ चिंच फोडत राहिली. मग दगडाच्या ठोक्यावरच तिने ती ओळ म्हटली. आवाज जुना झाला होता, मधेमधे फाटत होता, पण सूर वर होता. सेजलचा गळा ज्या जागी मोकळा होऊ बघत होता, बरोबर तिथे. ही चाल महिपतीने आयुष्यात हजार वेळा वाजवली होती आणि आज पहिल्यांदा ऐकत होता.

"लिवायचे ते, चाल माजी," येसूबाई म्हणाली. "सगल्या चाली माज्याच. जात्यावरच्या. तूच खाली ओढलीस रे. चांगूला जमना म्हनून."

आणि त्याला आठवलं. तेवीस वर्षांचा तो, याच अंगणात पेटी घेऊन बसलेला. आत येसूबाई दळताना गायची, गुरुजी दारात बसून शब्द बसवायचे, आणि तो ऐकून ऐकून बोटांनी चाल शोधायचा. वरच्या पट्टीत. मग चांगू आला, त्याचा आवाज फाटला, आणि महिपतीनेच तीन दिवस खपून सगळं काळी एकवर आणलं. त्याच्या बोटांना दुसरी वाट येत होती. तीच पहिली होती. हे आपण कसं विसरलो, आणि दरवर्षी उभं राहून चाली गुरुजींच्या म्हणून कसे सांगत आलो, हे त्याला उमगेना.

दुसऱ्या दिवसापासून तो पेटी घेऊन तिथे जाऊ लागला. ती पेटीला खेटून बसायची, चिंचा फोडत पद म्हणायची, तो चुकला की दगड थांबवायची. पाच दिवसांत नऊ पदं बसली. दोन बसलीच नाहीत. ती त्याने स्वतःहून सुनीलला दिली.

प्रयोगाच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा देवळासमोर माणूस मावत नव्हतं. येसूबाईची खुर्ची पुढे, पेटीच्या शेजारी. महिपती उठला.

"पदं श्रीपत गुरुजींची," तो म्हणाला आणि थांबला. "चाली येसूबाईंच्या. सेहेचाळीस वर्सं मी चुकीचं सांगितलं."

येसूबाईने शेजारणीला विचारलं, काय म्हनला गो तो? शेजारणीने तिच्या कानाशी लागून सांगितलं. म्हातारीने नुसता पदर सारखा केला.

नाटक सुरू झालं आणि महिपती वाजवता वाजवता बघत राहिला. घाट खोदणारे मजूर पडद्यामागून नव्हे, लोकांमधून चालत आले. तबल्याऐवजी ते खरे दगड एकमेकांवर आपटत होते, आणि तो ठोका त्याच्या ओळखीचा होता. प्रियदर्शिनीही येसूबाईच्या अंगणात येऊन बसत होती, हे त्याला नंतर कळलं. जे नाटक आपल्याला पाठ आहे असं तो समजत होता ते त्याच्यासमोर पहिल्यांदा घडत होतं. राघू गेला तेव्हा खरंच कुणीतरी गेल्यासारखं वाटलं.

मग सेजल उभी राहिली. 'वाट वळली घाटात.' सूर वर गेला आणि तिथे सहज राहिला. कुठेही किंचाळी नाही, ओढाताण नाही. पुढे बसलेल्या बायांचे हात आपोआप हनुवटीशी गेले. महिपतीला वाटलं, आपण इतकी वर्षं देवळाच्या बंद दारापुढे उभे होतो आणि त्यालाच देऊळ समजत होतो. शेवटच्या अंतऱ्याला त्याचे डोळे इतके भरले की त्याने भाता सोडून दिला. पेटी थांबली. सेजल एकटीच गात राहिली, आणि तिला पेटीची काही गरज नव्हती.

पद संपलं. टाळ्या पडायच्या आधीच येसूबाईने हात लांब करून त्याच्या दंडाला धरलं. तिला कमी ऐकू येत होतं, पण सूर पोचला होता.

"महिपती," ती म्हणाली, "आता परत खाली ओढू नको."